सासूबाईंचा लेख साभार परत

सासूबाईंचा लेख परत करायचा तर तो हातात द्यायचा की पोस्टानं पाठवायचा, यावर सूनबाईनं बराच विचार केला. हातात द्यावा तर जिना चढून वर जायचं, त्यांच्या खुर्चीसमोर उभं राहायचं, आणि एकदा का तिथे उभं राहिलं की आपण संपादक राहत नाही, सून होतो, हा तिचा आजवरचा अनुभव. शेवटी तिनं रीतसर पाकीट केलं, पत्ता घातला, तिकीट चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं. पाकीट गावभर फिरून, शिक्के खाऊन परत त्याच घरात आलं. फक्त तळमजल्याऐवजी वरच्या मजल्यावर.

वेळ मात्र वाईट साधली. पाकीट पोचलं त्या सकाळी सासूबाईंकडे, म्हणजे चळवळीतल्या मोठ्या बाईंकडे, दोन संशोधक मुली चळवळीचा इतिहास विचारायला आल्या होत्या. टेबलावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र चालू होतं. पोस्टमननं पाकीट आणून दिलं तेव्हा मोठ्या बाईंना वाटलं, कुठल्या तरी सत्काराचं निमंत्रण असणार. चष्मा जवळ नव्हता, म्हणून त्यांनीच एका मुलीला सांगितलं, ‘‘वाच बरं, कोण बोलावतंय.’’

त्या मुलीनं खणखणीत आवाजात वाचलं, ‘‘आपला लेख मिळाला. आपण आपुलकीनं पाठवलात, आभारी आहोत. आहे त्या स्वरूपात तो छापता येत नाही, क्षमस्व. काही सूचना समासात केल्या आहेत. त्यांचा विचार करून लेख पुन्हा पाठवल्यास आनंद होईल. संपादक, ‘का म्हणून?’ ’’

यंत्र चालूच होतं.

‘‘कोणाचा लेख परत केलाय?’’ दुसरीनं विचारलं.

‘‘आहे एक नवोदित लेखिका,’’ मोठ्या बाई म्हणाल्या आणि पाकीट उशीखाली सरकवलं.

तळमजल्यावर बसून सूनबाईला यातलं काही कळलं नव्हतं. तिला कुणकुण लागली ती रविवारी, नवऱ्यानं छापखान्यातून येऊन सांगितलं तेव्हा. ‘‘आईनं विश्वस्त मंडळाची बैठक बोलावलीय. चार वाजता. वर.’’

‘‘विषय?’’

‘‘तू,’’ तो म्हणाला, आणि हात धुवायला निघून गेला.

‘का म्हणून?’ हे नाव त्या मासिकाला शोभायचं. बायकांनी आयुष्यभर मनात दाबून ठेवलेला प्रश्न मोठ्या बाईंनी मुखपृष्ठावर छापला होता आणि लोक तो खरोखर वाचत आले होते. मोर्चात त्याच्या अंकाचे फलक होत, सासरी तो भांड्यांच्या कपाटात लपवला जाई, आणि एका गावात म्हणे तो वर्गणीदार बाईच्या नवऱ्यानं जाळला, तेव्हा शेजारणींनी मिळून वर्गणी भरली. सूनबाई स्वतः मुलगी होती तेव्हा मैत्रिणीकडून आणलेला अंक दप्तरात घालून फिरायची. पुढे त्याच मासिकाच्या घरात ती सून म्हणून आली, तेव्हा तिच्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, ‘‘नशीब काढलंस. सासू असावी तर अशी.’’

सासू होतीही तशी. लग्न होऊन आल्या दिवशी त्यांनी सुनेला जवळ बसवून सांगितलं, ‘‘या घरात सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा नाही, नवऱ्याला अहो म्हणायचं नाही, आणि माझ्या पाया पडायचं नाही. हे माझे नियम आहेत आणि ते मोडलेले मला चालणार नाहीत.’’ सूनबाईनं ते सगळं निमूट पाळलं. मग मुद्रितं तपासायला बसली, वर्गणीदारांना उत्तरं लिहू लागली, अंकाची जुळवाजुळव करू लागली, आणि बैठकींना येणाऱ्या बायकांच्या चहाचंही तीच बघू लागली. अंकात तिचं नाव नसे. ‘विशेष साहाय्य: घरची मंडळी’ अशी ओळ शेवटच्या पानावर असे. मंडळी म्हणजे ती एकटी.

मागच्या वर्षी मोठ्या बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्यानंतरच्या एका सभेत, भाषण रंगात आलं असताना, त्या म्हणून गेल्या, ‘‘आम्ही म्हाताऱ्यांनी खुर्च्या सोडायला शिकलं पाहिजे! मी आजपासून माझी खुर्ची माझ्या सुनेला देते! जगातल्या सगळ्या सासवांनी हे बघावं!’’ सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. वर्तमानपत्रात दोघींचा फोटो आला. मोठ्या बाईंनी ते विधान केलं होतं. ते खरंही करावं लागेल असं त्यांच्या स्वप्नात नव्हतं. पण फोटो छापून आल्यावर परत कसं फिरायचं? तेव्हा सूनबाईचं नाव पहिल्या पानावर गेलं, आणि संपादकीय मात्र वरून लिहून येत राहिलं.

आणि आता मासिकाच्या पन्नाशीच्या विशेषांकासाठी त्यांचा लेख आला होता. ‘मी एकटी निघाले’.

चार वाजता सूनबाई वर गेली तेव्हा सगळे जमले होते. मोठ्या बाई वेताच्या खुर्चीत, डोक्यामागच्या भिंतीवर त्यांचाच कर्णा हातात घेतलेला तरुणपणीचा फोटो. बाजूला धाकटा दीर, वकील, मांडीवर फाइल. त्याच्या शेजारी नणंद. ती कॉलेजात शिकवायची आणि तिला कोणी प्राध्यापिका म्हटलेलं खपत नसे. पदाला लिंग नसतं, प्राध्यापक म्हणा, असं ती दूधवाल्यालाही सांगून चुकली होती. नवरा खिडकीपाशी, अर्धा आत अर्धा बाहेर. आणि कोपऱ्यातल्या पलंगावर पाय वर घेऊन टेलिफोनकाकू, मोठ्या बाईंची धाकटी जाऊ. तिनं उभी हयात टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये काढली होती, त्यामुळे तिचा आवाज अजूनही तीन भिंती ओलांडून जाई. मोठ्या बाई आणि ती शाळेत एका वर्गात होत्या, मग दोघी दोन भावांना दिल्या आणि एका घरात आल्या, म्हणून त्यांच्यात अगंतुगं होतं. काकू शब्दकोडं सोडवत होती.

हे पाच जण म्हणजे विश्वस्त मंडळ. चळवळीत बाहेरच्यांवर विश्वास टाकायचा कसा, म्हणून सगळे घरचे. सूनबाई त्यात नव्हती. तिनं एकदा विचारलं होतं, तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, ‘‘अगं, तू तर घरचीच आहेस. तुला विश्वस्त कशाला व्हायला पाहिजे?’’

‘‘बस,’’ मोठ्या बाई म्हणाल्या. ‘‘मी आधीच सांगते, मी इथे सासू म्हणून बसलेली नाही. सासू या संस्थेवर मी आयुष्यभर लिहिलंय. पण एक विचारते. या घरात आजवर मला कोणी उलटून बोललं होतं का?’’

कोणी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर दिलं तर तेच उलटून बोलणं झालं असतं.

‘‘मी हिला मुलीसारखं वागवलं. हिच्या हातात पेन दिलं. आणि हिनं त्याच पेनानं माझ्या लेखाच्या समासात रेघोट्या मारल्या! पोस्टानं पाठवला! परक्या मुलींकडून ते पत्र वाचून घ्यायची वेळ आली माझ्यावर!’’

‘‘आई, त्या मुली आल्यात हे मला माहीत नव्हतं,’’ सूनबाई म्हणाली. ‘‘तेवढ्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं.’’

‘‘तेवढ्याबद्दल! ऐकलंत? तेवढ्याबद्दल!’’

वकिलानं घसा साफ केला. ‘‘वहिनी, भावना बाजूला ठेवू. संस्थेच्या नियमांप्रमाणे संपादक नेमणं आणि काढणं हा मंडळाचा अधिकार आहे. साधं बहुमत पुरतं. पाचातले तीन. कारण द्यायचीही गरज नाही.’’ त्याचा स्वर मोठा मायेचा होता. तळमजल्याची खोली आपल्या कचेरीला किती छान होईल, हे तो गेली काही वर्षं येताजाता बोलून दाखवत असे. मासिक बंद पडावं असं त्याला वाटत नव्हतं. ते थोडं वर सरकावं एवढंच.

‘‘मग मतं घ्या,’’ मोठ्या बाई म्हणाल्या. ‘‘मी म्हणते, काढा. एक.’’

‘‘मी आईच्या बाजूनं,’’ वकील म्हणाला. ‘‘दोन.’’

सगळ्यांच्या नजरा प्राध्यापकाकडे वळल्या. तिनं चष्मा काढून पुसला.

‘‘हे बघा, मला इथे व्यक्ती दिसत नाहीत, मला रचना दिसते. वहिनीनं केलं ते म्हणजे सत्तेच्या भाषेचं अंतर्गतीकरण आहे. जिच्यावर सत्ता गाजवली गेली, ती सत्ता हातात आल्यावर त्याच भाषेत बोलते. ‘क्षमस्व’, ‘आहे त्या स्वरूपात’, ही सगळी सत्तेची शब्दकळा. तेव्हा तत्त्वतः मी...’’

‘‘तुमचा लेख मी वाचला हं,’’ सूनबाई मध्येच म्हणाली. ‘‘तीन भागांतला. कालच संपवला.’’

प्राध्यापक थांबली. ‘‘हो? मग?’’

‘‘अजून ठरवलं नाही.’’

सूनबाईनं हे धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. लेख खरोखरच तिच्या टेबलावर होता आणि तिचं खरोखरच ठरलं नव्हतं. पण खोलीतली हवा बदलली. प्राध्यापकानं चष्मा परत चढवला. बढती त्या लेखावर अडली होती, आणि तो तीन भागांत छापणारं दुसरं मासिक पृथ्वीच्या पाठीवर नव्हतं.

‘‘...तत्त्वतः मी असं म्हणेन,’’ ती सावकाश म्हणाली, ‘‘की संपादकाचं स्वातंत्र्य हासुद्धा एक मोठा प्रश्न आहे. घाई करू नये.’’

‘‘म्हणजे तू कुठल्या बाजूची?’’ मोठ्या बाई कडाडल्या.

‘‘आई, बाजू ही कल्पनाच मुळात...’’

‘‘पुरे! तू रे?’’ त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

‘‘मी तटस्थ,’’ सूनबाईचा नवरा म्हणाला. ‘‘मी छापतो. छापणारा तटस्थच असतो.’’

सूनबाईनं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्याच्याकडून फार कधी मागितलं नव्हतं, आणि आज एक वाक्य हवं होतं. तो खिडकीच्या कडीशी चाळा करत होता. माणूस वाईट नव्हता. तो स्त्रीमुक्तीच्या घरात वाढला होता, आणि दोन बायका भांडत असताना पुरुषानं मध्ये पडू नये, ही एकच गोष्ट त्यानं त्यातून पक्की शिकून घेतली होती.

‘‘तटस्थ म्हणजे ज्याचं जड त्याच्या बाजूचा,’’ ती त्याला म्हणाली. ‘‘तुझ्याच छापखान्यात छापलंय आपण हे. जुना अंक असेल बघ.’’

त्यानं कडी सोडली.

‘‘हिला विचारा तरी,’’ कोपऱ्यातून टेलिफोनकाकू कोड्यावरून नजर न काढता म्हणाली. ‘‘काढायचं तर काढा, पण लेख परत का केला ते तर कळू दे. पाच अक्षरी शब्द, ‘ज्यावर उपाय नाही’.’’

‘‘निरुपाय चार होतात,’’ वकील म्हणाला.

‘‘म्हणून तर विचारतेय.’’

सूनबाई उभी राहिली. बसून बोलायचं ठरवून आली होती, पण पाय आपोआप सरळ झाले.

‘‘मागच्या महिन्यात एक बाई आली होती,’’ ती म्हणाली. ‘‘आठवतेय, आई? दोन लेकरं होती बरोबर. धाकटं कडेवर झोपलेलं. पिशवीत आपला जीर्ण झालेला, पानं सुटलेला एक अंक होता. त्यात तुमचाच लेख होता, ‘मी एकटी निघाले’चाच जुना अवतार. तो वाचून ती घर सोडून आली होती. सरळ आपल्याकडे. तुम्ही तिला छान बसवून घेतलंत. तिनं विचारलं, ‘बाई, तुम्ही निघालात तेव्हा मुलं कुठे ठेवलीत?’ ’’

मोठ्या बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

‘‘ती चेष्टा करत नव्हती. तिला पत्ता हवा होता. कोणी बाई, कुठली खोली, पाळणाघर, काहीतरी. तुम्ही तिला म्हणालात, ‘धीर सोडू नकोस,’ आणि अंकावर सही करून दिलीत. ती दुपारभर खाली माझ्या टेबलाशी बसून होती. मी चार ठिकाणी फोन केले, कुठेच सोय होईना. संध्याकाळी धाकटं उठून रडायला लागलं तेव्हा ती म्हणाली, ‘जाते मी. ते कामावरून यायच्या आत पोचले तर कळायचंसुद्धा नाही.’ गेली. सही केलेला अंक टेबलावर विसरून गेली. की मुद्दाम ठेवून गेली, देव जाणे. त्यानंतर तुमचा हा लेख आला. ‘त्या पहाटे कडी काढून मी एकटी निघाले. मागे वळून पाहिले नाही.’ आई, समासातला मुख्य प्रश्न एकच आहे. मागे कोण होतं?’’

मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला होता.

‘‘तुला लिहिण्यातलं काही कळत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ती एकटी बाई म्हणजे मी नाही. ते प्रतीक आहे. हजारो बायकांचं प्रतीक. आणि प्रतीकाला मुलं नसतात!’’

‘‘आम्ही तीन होतो,’’ वकील म्हणाला.

त्यालाही आपला आवाज ऐकून नवल वाटलं असावं. मांडीवरची फाइल घसरून खाली पडली.

‘‘नाही, म्हणजे, कायद्याच्या दृष्टीनं नाही, एक आपलं सांगतो. मी सगळे लेख वाचलेत तुझे, आई. शाळेत शिक्षक वाचून दाखवायचे. त्यात कडी आहे, पहाट आहे, थंडी आहे, एक कुत्रासुद्धा आहे रस्त्यातला. आम्ही नाही.’’

‘‘कुत्रा रूपक आहे,’’ मोठ्या बाई म्हणाल्या.

‘‘कुत्र्यालाही जागा मिळाली,’’ प्राध्यापक म्हणाली. तिचा आवाज वर्गातला राहिला नव्हता. ‘‘मी तेव्हा रांगत होते. वर्गात मुली विचारतात, तुमच्या आईनं तुम्हाला कसं वाढवलं? मी सांगते, वैचारिक वातावरणात. खरं म्हणजे मला काही आठवतच नाही. मला आठवतो तो काकूच्या साडीचा वास.’’

‘‘फितूर!’’ मोठ्या बाई ओरडल्या. ‘‘सगळे फितूर! घर फोडलं हिनं माझं! सून आली आणि मुलं आईला विचारेनाशी झाली!’’

हे वाक्य तोंडातून गेलं आणि त्या स्वतःच थबकल्या. असं बोलणाऱ्या सासूवर त्यांनी एक अख्खी लेखमाला लिहिली होती. खोलीतल्या प्रत्येकाला ती आठवत होती, आणि प्रत्येकजण आठवत नसल्याचं दाखवत होता.

‘‘वाच ग ते परत,’’ टेलिफोनकाकूनं कोडं बाजूला ठेवलं. ‘‘काय लिहिलंय तिनं?’’

सूनबाईनं टेबलावरचा लेख उचलून वाचलं, ‘‘त्या पहाटे कडी काढून मी एकटी निघाले. मागे वळून पाहिले नाही.’’

‘‘खोटं आहे,’’ काकू म्हणाली. ‘‘वळून पाहिलंन की. वळून पाहिलं, परत आली, आणि डबा घेऊन गेली. डबा विसरली होती. मीच दारातून हाका मारत होते. एक कडेवर, दोन पायांत, आणि हातात हिचा डबा. मी ड्युटी करून नुकती घरी आलेली, डोळ्यांवर झोप. आणि निघाली म्हणजे कुठे? सभेला. संध्याकाळी परत आली.’’

‘‘पहाटे निघाले हे तरी खरं ना!’’ मोठ्या बाई म्हणाल्या.

‘‘साडेनऊ वाजले होते.’’

नवरा खिडकीत तोंड घालून हसायला लागला. सूनबाईनं ते पाहिलं. तिलाही हसू येत होतं, पण तिनं ओठ दाबून धरले.

‘‘तू गप्प का बसलीस मग इतकी वर्षं?’’ मोठ्या बाईंनी जावेला विचारलं. त्यात राग होता, आणि थोडी भीतीही.

‘‘मी कुठे गप्प? मला कोणी विचारलं का? आणि मी वाचत नाही तुझं मासिक. फार रडतात त्यात.’’ काकूनं पाय पलंगावरून खाली सोडले. ‘‘मला मुलं आवडायची, मी सांभाळली. तुझ्यावर उपकार म्हणून नाही. तुझ्या हातात मूल दिलं की मूलही रडायचं आणि तूही. तुला जमत होतं ते तू केलंस, मला जमत होतं ते मी. ते काही वाईट झालं नाही. पण ‘एकटी’ म्हणतेस, ते मला लागतं. मी काय तिथे भिंत होते?’’

मग मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘दोघी होतो असं लिहिलं असतं तर त्या काळी कोणी टाळ्या वाजवल्या नसत्या.’’

‘‘ते मला माहीत नाही,’’ काकू म्हणाली. ‘‘मतं घ्यायचीत ना? माझं मत सूनबाईला. फुकट नाही पण. माझ्यावर दोन पानं पाहिजेत. आणि फोटो रंगीत. एक्स्चेंजमधला नको, त्यात मी जाड दिसते.’’

‘‘काकू, अंकात काय जाईल ते मी ठरवणार,’’ सूनबाई म्हणाली.

‘‘बघा! हिला काढाच!’’ काकू म्हणाली, आणि मग स्वतःच खो खो हसत सुटली.

‘‘दोन आणि एक,’’ वकिलानं फाइल उचलत हिशोब मांडला. ‘‘पण मी माझं मत मागे घेतो. म्हणजे एक आणि एक.’’

‘‘एक आणि दोन,’’ खिडकीपासून आवाज आला. ‘‘मी हिच्या बाजूनं.’’

सूनबाईनं वळून पाहिलं. नवरा भिंतीला पाठ लावून उभा होता, एखाद्या पोरानं घरातली बरणी फोडल्याचं कबूल करावं तसा. आता त्याच्या मताची गरज फारशी उरली नव्हती. तरी तिला ते मिळाल्याचं बरं वाटलं, आणि इतक्या उशिरा मिळाल्याचा रागही तसाच राहिला.

‘‘मीही,’’ प्राध्यापक घाईनं म्हणाली. ‘‘तत्त्वतः.’’

मोठ्या बाई उठल्या. टेबलावरचा लेख त्यांनी घेतला, त्याची घडी केली, आणि कोणाकडेही न बघता आपल्या खोलीत गेल्या. दार लागलं. टेलिफोनकाकूनं कोडं पुन्हा पुढ्यात ओढलं, पण बराच वेळ तिनं त्यात एकही अक्षर भरलं नाही.

त्यानंतर घरात अबोला होता. मोठ्या बाई जेवायला येत, मीठ मागत, आणि जात. संपादकीय वरून येईनासं झालं. त्या महिन्याच्या अंकासाठी सूनबाईनं पहिल्यांदाच ते स्वतः लिहिलं, फाडलं, परत लिहिलं. त्यात तिनं त्या बाईची गोष्ट नाव न घेता सांगितली आणि शेवटी ज्यांच्या घरी एखादी खोली रिकामी असेल त्यांनी कळवावं, असं साध्या शब्दांत छापलं. प्राध्यापकाचा लेख तिनं एका भागात बसवला. अंक निघाल्यावर प्राध्यापक तीन दिवस बोलली नाही, चौथ्या दिवशी तिच्या विद्यार्थिनींनी येऊन सांगितलं की तुमचं लिहिलेलं आम्हाला पहिल्यांदा कळलं, तेव्हा पुन्हा बोलायला लागली.

पन्नाशीचा विशेषांक छापायला जायच्या बेतात असताना पोस्टानं एक जाड पाकीट आलं. तिकीट लावलेलं, वर मोठ्या बाईंचं वळणदार अक्षर. लेखाचं नाव होतं, ‘माझी जाऊ’.

सूनबाईनं दार लावून वाचायला घेतला. तो प्रेमळ वगैरे मुळीच नव्हता. जाऊ किती आरडाओरडा करायची, मुलांना कशी शिव्या शिकवायची, कशी हट्टी, कशी तोंडाळ, डबा हातात घेऊन अख्ख्या गल्लीसमोर आपल्या क्रांतिकारक थोरल्या जावेचं कसं हसं करायची, सगळं होतं. आणि मध्येच एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘सभेत मी बोलत असताना मला कधी मुलांची आठवण आली नाही. आई म्हणून मला याची लाज वाटायची. आता वाटते ती वेगळी लाज. मला आठवण आली नाही, कारण आठवण ठेवायला घरी कोणीतरी आहे हे मला ठाऊक होतं.’ सूनबाईनं ते वाक्य दोनदा वाचलं. गेल्या कित्येक वर्षांत मोठ्या बाईंनी असं काही लिहिलं नव्हतं. शेवटच्या परिच्छेदात मात्र जगातल्या स्त्रियांना उद्देशून आवाहन होतं, उद्गारचिन्हांसकट. तेवढं तिनं लाल रेघ मारून काढलं आणि लेख छापखान्यात पाठवला. रंगीत फोटोसह.

विशेषांक निघाला आणि टेलिफोनकाकूनं जन्मात पहिल्यांदा ‘का म्हणून?’ वाचला. वाचून ती इतकी संतापली की तिनं कागद मागवला. ‘मी मुलांना शिव्या शिकवल्या नाहीत, त्या त्यांना आधीच येत होत्या’ अशी तिच्या उत्तराची सुरुवात होती. सूनबाईनं त्यातला एक शब्दही बदलला नाही. त्यावर मोठ्या बाईंचं प्रत्युत्तर आलं. त्यावर काकूचं. दोघी एका टेबलावर जेवत, एकमेकींना आमटीचं भांडं सरकवत, आणि भांडण पोस्टानं करत. वाचकांना चटक लागली. दूरदूरच्या बायका पत्रं पाठवू लागल्या, ‘माझीही एक जाऊ होती’, ‘माझी बहीण’, ‘माझी शेजारीण, तिनं माझा मुलगा वाढवला, तिचं नाव मी कुठे घेतलं नाही.’ आणि रिकाम्या खोल्यांची पत्रंही आली. फार नाही, पण आली. सूनबाईनं त्यांचे पत्ते टेबलाच्या काचेखाली लावून ठेवले.

एका दुपारी ती पुढच्या अंकाचं मुद्रित वाचत बसली होती. बाहेरच्या बाकावर दोन कवयित्री आणि एक कथालेखिका वाट बघत बसल्या होत्या. जिन्यावर काठीचा आवाज आला, मग दारावर टकटक झाली. दार उघडंच होतं.

‘‘येऊ का आत?’’ मोठ्या बाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. हातात कागद होते.

सूनबाई उठायला निघाली. खुर्ची मागे सरली, हात टेबलावर टेकलेसुद्धा. मग ती परत बसली.

‘‘पाच मिनिटं थांबता का?’’ ती म्हणाली. ‘‘एवढं पान संपवते.’’

मोठ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या बाकाकडे वळल्या. कवयित्रींनी धडपडत उठून त्यांना जागा करून दिली, तशा त्या म्हणाल्या, ‘‘बसा, बसा. मी शेवटची आलेय.’’

आत सूनबाई त्याच पानावरची तीच ओळ वाचत राहिली. एक अक्षरही डोक्यात शिरत नव्हतं. पण पाच मिनिटं होईपर्यंत तिनं मान वर केली नाही.